कार्यकर्त्याचा थकवा आणि संघटनेची जबाबदारी

(कार्यकर्ता-शिबिरातील भाषणाचा मजकूर)

पक्षाच्या शिबिरांत ज्या विषयांवर व्याख्याने होतात, त्यांत कार्यकर्त्याच्या थकव्याला सहसा स्थान नसते. शेतीमालाचे भाव, जातिनिर्मूलन, धर्मनिरपेक्षता, निवडणुकीचे तंत्र या सर्वांवर सत्रे होतात. परंतु ही सारी कामे ज्याच्या खांद्यावर उभी असतात, त्या माणसाचे खांदे किती काळ टिकतील याचा विचार करण्याची प्रथा नाही. ‘थकलो’ हा शब्द चळवळीत उच्चारला जात नाही. उच्चारला गेलाच, तर निष्ठा पातळ झाल्याचे ते लक्षण समजतात. म्हणून कार्यकर्ता तो शब्द बोलत नाही. तो बैठकांना उशिरा येऊ लागतो, पुढे येईनासा होतो आणि वर्षभराने कळते की, तो कुठल्याशा पतसंस्थेत नोकरीला लागला आहे व वर्तमानपत्रदेखील उघडत नाही. त्याने राजीनामा दिलेला नसतो, मतभेदाचे पत्र लिहिलेले नसते, दुसऱ्या पक्षाचा रस्ताही धरलेला नसतो. पक्ष फोडून गेलेल्यांची नोंद इतिहासात राहते. विझून गेलेल्यांची नोंद कोणी ठेवीत नाही. वस्तुतः समाजवादी चळवळीचे या दुसऱ्या प्रकारे झालेले नुकसान पहिल्यापेक्षा कमी नाही.

या प्रश्नाचा विचार करताना दमणे आणि विझणे यांतील भेद प्रथम स्पष्ट केला पाहिजे. दिवसभर मोर्चात चाललेला माणूस दमतो. रात्रीची झोप, घरची भाकरी, दोन घटका गप्पा एवढ्याने त्याचा शीण उतरतो. विझणे याहून निराळे आहे. तेथे झोपेने शीण जात नाही, कारण तो केवळ अंगात राहिलेला नसतो. या अवस्थेला ‘बर्नआउट’ हे नाव मानसशास्त्रात १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या न्यूयॉर्कच्या मनोविश्लेषकाच्या लेखामुळे रूढ झाले. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, त्याने हे लक्षण कारखान्यात किंवा कचेरीत टिपलेले नव्हते. व्यसनाधीन तरुणांसाठी चालविलेल्या एका मोफत दवाखान्यात, विनामोबदला किंवा नाममात्र मोबदल्यावर राबणाऱ्या स्वयंसेवकांत त्याला ते आढळले. जी माणसे पोटासाठी नव्हे तर ध्येयासाठी आली होती, तीच काही महिन्यांत चिडचिडी, उदास आणि निर्विकार होत होती. दिवसाचा व्यवसाय आटोपून संध्याकाळी त्या दवाखान्यात काम करणारा फ्रॉइडेनबर्गर स्वतःही त्या अनुभवातून गेला होता. तात्पर्य, ज्याच्यात आग असते तोच जळून विझतो. ज्याने कधी पेटच घेतला नाही, त्याला या व्याधीचे भय नाही. विझलेल्या कार्यकर्त्याला निष्ठाहीन म्हणणे हे म्हणूनच सत्याच्या अगदी उलट आहे.

पुढे ख्रिस्तिना मास्लाक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रीने या अवस्थेची तीन लक्षणे निश्चित केली. पहिले, सत्त्व संपल्याची भावना. दुसरे, ज्यांच्यासाठी काम करावयाचे त्यांच्याविषयीच तुटलेपणा आणि तुच्छता. तिसरे, आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. पक्षकार्यालयात वावरणाऱ्याला ही तिन्ही लक्षणे परिचित असतात; फक्त त्यांची नावे तेथे निराळी असतात. पहिल्याला ‘प्रकृती’ म्हणतात. दुसरे लक्षण ‘लोकांनाच काही नको आहे’, ‘लोक विकले गेले आहेत’ अशा उद्गारांतून प्रकट होते आणि त्याला ‘वास्तवाचे भान’ असे प्रतिष्ठित नाव मिळते. तिसऱ्याला ‘आता पूर्वीचे दिवस राहिले नाहीत’ असे म्हणतात. ज्या कार्यकर्त्याने एके काळी रेशनच्या एका कार्डासाठी तहसील कचेरीच्या दहा खेपा घातल्या, तोच त्या कार्डधारकाबद्दल कडवट बोलू लागला की समजावे, त्याची मते बदललेली नाहीत. त्याचे तेल संपत आले आहे.

थकव्याचा हा प्रश्न समाजवादी विचाराला परका आहे असे मानण्याचे कारण नाही. किंबहुना या देशातील कामगार चळवळीचा आरंभच विश्रांतीच्या मागणीतून झाला. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील मागण्यांत आठवड्यातून एक दिवस सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या दोन मागण्या ठळक होत्या. सहा वर्षांच्या लढ्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. गिरणीच्या भोंग्याबरोबर उठणाऱ्या आणि अंधार पडल्यावर चाळीत परतणाऱ्या माणसाला संघटना करावयाची तर त्यासाठी मोकळा वेळ हवा. तो वेळ नसेल तर सभा नाही, वाचन नाही, विचार नाही. आणि विचार नसेल तर फक्त हात उरतात, जे मालकाला हवेच असतात. लोखंडे यांना हे उमजले होते. विश्रांती ही त्यांच्या दृष्टीने आळसाची सवलत नव्हती. माणूसपणाची आणि संघटनेची ती पूर्वअट होती.

त्या लढ्याची गरज आजही संपलेली नाही. इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचविले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांविषयीचे उद्गार प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत आणि दुकाने व आस्थापनांतील मर्यादा ९ तासांवरून १० तासांपर्यंत वाढविण्याचा निर्णय घेतला. दुसऱ्या बाजूला विज्ञान काय सांगते? जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, प्रदीर्घ कामाच्या तासांमुळे २०१६ या एका वर्षात जगात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघाताने व हृदयविकाराने मृत्यू पावली. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात आढळले. त्याआधी २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात ‘बर्नआउट’चा समावेश करताना त्याला रोग म्हटले नाही, कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घकालीन ताणातून उद्भवणारी अवस्था असे म्हटले. या व्याख्येतील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. दोष माणसाच्या मज्जातंतूंत शोधण्याऐवजी तो कामाच्या रचनेत शोधावा, असे ती सुचविते. समाजवादी विचार हेच शतकभर सांगत आला आहे.

मग विसंगती दिसते ती येथे. मालकाच्या दारात बारा तासांच्या पाळीविरुद्ध घोषणा देणारा पक्ष स्वतःच्या कार्यकर्त्याचे तास कधी मोजतो काय? कामगाराच्या साप्ताहिक सुटीसाठी निवेदन लिहिणारा चिटणीस ते रविवारी रात्री अकरा वाजता लिहीत असतो, आणि सोमवारी सकाळी सात वाजता त्याला दौऱ्यावर निघावयाचे असते. ज्या मापाने मालकाला मोजावयाचे, त्याच मापाने पक्षाने स्वतःला मोजून घेतले पाहिजे.

यावर एक आक्षेप तत्काळ घेतला जातो, आणि तो गंभीर आहे. चळवळ ही नोकरी नाही, तास मोजून क्रांती होत नाही, असे जुने कार्यकर्ते म्हणतात. ते उदाहरणेही देतात. ज्या लोखंड्यांनी रविवारची सुटी मिळविली, ते स्वतः फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना मृत्यू पावले. पुढच्याच महिन्यात पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी त्याच साथीत, त्याच कामात देह ठेवला. समाजवादी चळवळीचे एक संस्थापक यूसुफ मेहेरअली यांची प्रकृती कारावासात ढासळली. तरी ते काम करीतच राहिले आणि २ जुलै १९५० रोजी, वयाची ४७ वर्षे पुरी होण्याआधीच गेले. यांपैकी कोणी तास मोजले होते काय?

या आक्षेपाला टाळून पुढे जाता येणार नाही. आणीबाणीच्या क्षणी स्वतःला झोकून देणे हा चळवळीचा प्राण आहे, याविषयी वाद नाही. प्लेग दारात आला असता घड्याळ पाहणाऱ्याला कार्यकर्ता म्हणता येणार नाही. महापूर, दुष्काळ, दंगल, लाठीमार, निवडणुकीचे अखेरचे दहा दिवस या प्रसंगी रात्रंदिवस राबणारी माणसे लागतात आणि ती मिळतातही. परंतु प्लेगचे वर्ष आणि रोजचे वर्ष यांत फरक आहे. ज्या संघटनेत नियोजन नसते, तेथे दररोज प्लेग असतो. सभेची परवानगी आदल्या दिवशी आठवते, पत्रक शेवटच्या रात्री छापले जाते, वर्गणीची पावतीपुस्तके कोणाकडे आहेत हे कोणालाच ठाऊक नसते आणि या साऱ्या अव्यवस्थेची भरपाई एका प्रामाणिक माणसाच्या झोपेतून केली जाते. याला त्याग म्हणणे हा खऱ्या त्यागाचा अवमान होय. सावित्रीबाईंनी प्राण वेचले ते आजारी पोरासाठी. कुणाच्या गलथानपणासाठी वेचले नाहीत. ज्या संघटनेला रोजच्या दिवशी माणसांचे बळ राखता येत नाही, तिच्याकडे खऱ्या संकटाच्या दिवशी झोकून देण्यास कोणी शिल्लक राहात नाही.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे वाढत्या जबाबदारीकडे वळणे उचित होईल. एखादा तरुण गावातील शाखेत काम करू लागतो. तो वक्तशीर आहे, हिशेब चोख ठेवतो, म्हणून त्याला तालुक्याचे चिटणीसपद मिळते. परंतु गावची शाखा सांभाळण्यास दुसरे कोणी नाही, म्हणून ती त्याच्याकडेच राहते. दोन वर्षांनी तो जिल्हा कार्यकारिणीवर येतो. तालुका त्याच्याकडेच राहतो. मग युवक आघाडीचे शिबिर, साप्ताहिकाची वर्गणी, शेतमजूर संघटनेची केस, सहकारी सोसायटीची निवडणूक, एकेक काम त्याच्या अंगावर येत जाते. प्रत्येक वेळी वरचे पद मिळते आणि खालचे सुटत नाही. हे बढतीचे नव्हे, ओझे रचण्याचे शास्त्र आहे. चांगल्या बैलाला अधिक जुंपतात आणि तो बसला की बैल वाईट निघाला असे म्हणतात.

जबाबदारी आणि ओझे हे दोन शब्द येथे वेगळे केले पाहिजेत. जबाबदारी वाढली म्हणजे माणसाने करावयाच्या कामांची संख्या वाढली असे नाही. त्याने इतरांकडून करवून घ्यावयाच्या कामांची व्याप्ती वाढली असा तिचा अर्थ आहे. तालुक्याचा चिटणीस झालेल्या माणसाची पहिली कसोटी त्याने गावची शाखा कोणाच्या हाती आणि कशी सोपविली ही असावी. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत ही रीत पूर्वापार ठाऊक आहे. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीवर ठेवीत नाहीत. परंतु सातही दिवस एकच माणूस ती गळ्यात घेऊन उभा राहात नाही. पहारे लावलेले असतात. एकाचा पहारा संपला की तो दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घालतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि पहिला घरी जाऊन झोपतो. जाऊन झोपणाऱ्याची भक्ती कमी पडली असे गावात कोणी म्हणत नाही. अखंड राहावयाचे असते ते नाम. माणसाने अखंड उभे राहावे अशी अपेक्षाच नसते. पंढरीच्या वाटेवरच्या पालख्यांचेही मुक्काम आणि विसावे ठरलेले असतात. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यात आणि सासवडला दोन-दोन रात्री थांबते. विसावा ही वारीच्या वेळापत्रकातली गोष्ट आहे, वारकऱ्याच्या अशक्तपणाची नव्हे. जे शहाणपण टाळकऱ्यांना आहे, ते पक्षाच्या कार्यकारिणीला का नसावे?

मास्लाक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनी पुढे असे दाखवून दिले की, विझण्याचे कारण केवळ कामाचा भार हे नसते. भार, अधिकार, मोबदला, सोबत, न्याय आणि मूल्ये या सहा बाबतींत माणूस व काम यांचा मेळ बसला नाही की ही अवस्था येते. ही सहा मापे पक्षसंघटनेला लावून पाहण्यासारखी आहेत.

अधिकाराचा विचार केला तर, जिल्हा चिटणीसावर जबाबदारी सारी असते, परंतु उमेदवार कोण, युती कोणाशी, निधी किती, हे निर्णय त्याला वर्तमानपत्रातून कळतात. मोबदल्याचा अर्थ केवळ पैसा असा नाही. तरीही पैशाचा विषय टाळणे दांभिकपणाचे ठरेल. ज्याच्या घरी मुलांच्या शाळेची फी थकली आहे, त्याला ध्येयवादाचे व्याख्यान देण्याचा अधिकार कोणासही नाही. १९८०च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर आदींच्या पुढाकाराने सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग करून रंगभूमीवरील नामवंतांनी त्यासाठी पैसा जमविला आणि त्यातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन देण्यास आरंभ झाला. त्या निधीच्या नावातच एक तत्त्व आहे. कार्यकर्त्याला मिळणारे मानधन ही दया नव्हे, समाजाने फेडलेले ऋण आहे.

सोबतीचा अर्थ असा की, माणूस कामाने जितका खचतो त्याहून अधिक एकटेपणाने खचतो. राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून जी माणसे घडविली, ती केवळ बौद्धिकांनी घडविली नाहीत. गाणे, खेळ, कलापथक, श्रमदान आणि एका पंक्तीतले जेवण यांनी ती घडली. आजच्या संघटनेत बैठका उरल्या आणि गाणे गेले. न्यायाची गोष्टही तशीच. वर्षानुवर्षे सतरंज्या उचलणाऱ्याला डावलून काल आलेल्या धनवंताला तिकीट मिळाले की, सतरंजी उचलणाऱ्याचे हात एका रात्रीत जड होतात. मूल्यांविषयी तर अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. आणीबाणीत तुरुंग भोगलेल्या, १९७७ च्या विजयाने हर्षभरित झालेल्या कितीतरी समाजवाद्यांना जुलै १९७९ मध्ये जनता सरकार कोसळल्यानंतर जे औदासीन्य आले, ते कामाच्या तासांमुळे आलेले नव्हते. ज्यासाठी कष्ट केले ते डोळ्यांदेखत मातीमोल झाले, या जाणिवेने ते आले. अशा वेळी विश्रांतीपेक्षा मोकळ्या चर्चेची आणि पराभवाच्या प्रामाणिक मीमांसेची गरज असते.

या विवेचनात स्त्रियांचा विचार अखेरीस ठेवण्याची रूढी मोडावयास हवी, कारण पुरुष कार्यकर्त्याचा पुष्कळसा त्याग घरातल्या स्त्रीच्या कष्टांवर उभा असतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटे, तर ते करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जातो असे आढळले. ही पाच तासांची पाळी पुरी करूनच स्त्री कार्यकर्ती बैठकीला येते. बैठक रात्री आठला ठेवणारे आणि ती साडेदहापर्यंत लांबविणारे पदाधिकारी तिच्या अनुपस्थितीचा अर्थ ‘स्त्रियांना राजकारणात रस नाही’ असा लावतात. तिच्याकडे जबाबदारी वाढवावयाची, तर घरातील जबाबदारी वाटून घेणे हे तिच्या नवऱ्याचे पक्षकार्यच आहे असे मानले पाहिजे.

निष्ठेला कच्चा माल समजण्याची वृत्ती केवळ पक्षांत नाही, शासनातही आहे. आशा कार्यकर्तीला शासन ‘स्वयंसेविका’ म्हणते. तिला वेतन न देता मोबदला देते आणि कामे मात्र लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंत वाढवीत जाते. कोविडच्या काळात घरोघर जाणाऱ्या या स्त्रियांचा जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सन्मान केला. परंतु त्यांच्यापैकी कित्येकींना मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले. अंगणवाडी सेविकांचा डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला संपही याच कारणाने झाला. ‘सेवा’ हा शब्द वापरून ‘श्रम’ लपविण्याची ही युक्ती पक्षाने शासनाच्या बाबतीत ओळखली आहे. ती स्वतःच्या घरातही ओळखली पाहिजे.

तेव्हा करावयाचे काय? उपाय मोठे नाहीत, परंतु ते ठराव म्हणून मंजूर होऊन अंमलात यावयास हवेत. पहिला, एका व्यक्तीकडे एका वेळी दोनहून अधिक पदे नसावीत आणि नवे पद स्वीकारताना जुने कोणाकडे सोपविले याची लेखी नोंद असावी. दुसरा, प्रत्येक पदाबरोबर एक सहायक असावा व वर्षातून निदान एक महिना त्या सहायकाने ते काम स्वतंत्रपणे करावे. तिसरा, प्रत्येक कार्यकर्त्याला आठवड्यातील एक दिवस पूर्ण मोकळा असावा. महात्मा गांधी सोमवारी मौन पाळीत. देशाचा एवढा भार वाहणाऱ्याला जे परवडले, ते तालुक्याच्या चिटणीसाला परवडणार नाही असे नाही. चौथा, बैठकीच्या सूचनेत आरंभाच्या वेळेप्रमाणे समाप्तीची वेळही लिहावी आणि रात्री दहानंतर व्हॉट्सॲपवरून कामे सांगू नयेत. पाचवा, पूर्णवेळ कार्यकर्त्याचे मानधन, आरोग्यविमा आणि वार्षिक रजा यांची तरतूद जिल्हा निधीत सर्वप्रथम व्हावी; व्यासपीठाचा मांडव त्यानंतर. सहावा, वर्षातून एकदा केवळ वाचन, गाणे आणि मोकळ्या बोलण्यासाठी शिबिर भरावे. त्यात कामाचा एकही अहवाल मागू नये.

काही जण विचारतील की, माणसे थोडी आणि कामे पुष्कळ असताना हे कसे साधावे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर हमालांच्या चळवळीत सापडते. एके काळी बाजारात १०० किलोचे पोते पाठीवर वाहावे लागे. ते ५० किलोचे करावे ही हमाल संघटनांची मागणी होती. पोते लहान केले तर व्यापार कसा चालणार, असा सवाल तेव्हाही विचारला गेला. आज बाजारात ५० किलोचे पोते रूढ झाले आहे आणि व्यापार बंद पडलेला नाही. खेपा वाढल्या, पाठी वाचल्या. पक्षाचीही पोती लहान केली पाहिजेत. जे काम एकाने उचलावयाचे ते तिघांना उचलता येईल असे तोडून दिले की, आजवर काठावर उभा असलेला शिक्षक, निवृत्त कारकून, बचतगटातील स्त्री किंवा महाविद्यालयीन मुलगी हात देण्यास पुढे येते. शंभर किलोच्या पोत्याला हात लावण्यास कोणी धजत नाही, आणि मग माणसे मिळत नाहीत अशी तक्रार होते. म्हणजेच माणसे थोडी म्हणून ओझे मोठे, हे अर्धेच सत्य आहे; ओझे मोठे म्हणून माणसे थोडी, हे उरलेले अर्धे.

संघटनेचे कर्तव्य सांगताना कार्यकर्त्याचे स्वतःचे कर्तव्य विसरून चालणार नाही. ‘नाही’ म्हणण्यास धैर्य लागते. हाती असलेले काम नीट होणार नसेल तर नवे नाकारणे हा प्रामाणिकपणा आहे. होकार देऊन ते अर्धवट सोडणे हा अप्रामाणिकपणा. याहून सूक्ष्म धोका अहंकाराचा आहे. ‘माझ्यावाचून अडते’ ही भावना थकव्यातही एक गोडी निर्माण करते. पुष्कळ कार्यकर्ते थकतात, कारण किल्ली दुसऱ्याच्या हाती देण्यास ते तयार नसतात. मतदारयाद्या, सभासदांचे पत्ते, अधिकाऱ्यांच्या ओळखी सारे त्यांच्या डोक्यात असते, दप्तरात नसते. त्यांच्या एका आजारपणात तालुक्याचे काम सहा महिने मागे जाते. अपरिहार्य होणे ही कार्यकर्त्याची थोरवी नव्हे. तो नसताना जी शाखा चालते, ती त्याची खरी कमाई.

साथींनो, समाजवादाची वाट लांबची आहे. जी वाट एका पिढीत संपणारी नाही, ती धावत कापता येत नाही. पाचशे माणसे दोन वर्षे धावून थकली आणि पाचशे माणसे वीस वर्षे चालत राहिली, तर इतिहास दुसऱ्यांच्या पायांनी पुढे जातो. पक्षाकडे धनिकांची तिजोरी नाही, वृत्तवाहिन्या नाहीत, शासनयंत्रणा नाही. त्याच्याकडे माणसे आहेत. ती जपली नाहीत तर जपण्यासारखे दुसरे काही उरत नाही. म्हणून हे शिबिर संपवून घरी जाताना प्रत्येक तालुक्याने एकच काम करावे. ज्या साथीचे नाव गेल्या वर्षभरात हजेरीपटावर लागलेले नाही, त्याच्या घरी दोघांनी जावे. काही मागण्यासाठी जाऊ नये, वर्गणीचे पुस्तक बरोबर नेऊ नये. प्रकृती कशी आहे, घरी काय चालले आहे, एवढे विचारावे आणि चहा घेऊन परतावे. तो परत येईल किंवा येणार नाही. परंतु राखेखाली निखारा आहे की नाही, हे जवळ जाऊन बसल्यावाचून कळत नाही.